पोटात गोदी असलेले जहाज

२६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात उसळलेल्या त्सुनामीने निकोबार बेटांवरील अनेक धक्के मोडून टाकले. अन्न, पाणी आणि औषधे तातडीने हवी होती; पण ती घेऊन आलेली जहाजे लावायची कुठे? मदत ज्या धक्क्यावर उतरायची, तोच लाटेने आधी नेला होता.

धक्का नसलेल्या किनाऱ्यावर माणसे आणि सामान कसे उतरवायचे, हा प्रश्न नौदलांना युद्धात नेहमीच पडत आला आहे. त्याच्या उत्तरादाखल जी जहाजे तयार झाली, ती पुढे आपत्तीतही उपयोगी पडली. आपण वर्गात शिकवतो ती आर्किमिडीज आणि बर्नुली यांची तत्त्वे या जहाजांत प्रत्यक्ष काम करताना दिसतात. म्हणून त्यांची ओळख करून घेऊ.

अडचण कोठे आहे?

भारतीय नौदलाचे आयएनएस जलाश्व हे उदाहरण घेऊ. अमेरिकी नौदलात १९७१ साली दाखल झालेले 'ट्रेंटन' हे जहाज भारताने विकत घेतले आणि २००७ साली 'जलाश्व' या नावाने आपल्या नौदलात आणले. त्याची लांबी सुमारे १७३ मीटर, तर पूर्ण भारासह वजन सुमारे १७ हजार टन आहे. एवढे वजन तोलण्यासाठी जहाजाचा जवळजवळ ७ मीटर भाग पाण्याखाली राहतो. उलट, त्यावरच्या उतरण-नौकांना भरलेल्या असतानाही सुमारे दीड मीटर पाणी पुरते. तेव्हा मोठे जहाज खोल पाण्यात थांबवायचे आणि नौकांच्या फेऱ्या करायच्या, हे ओघानेच आले.

पण हेलकावणाऱ्या समुद्रात क्रेनच्या दोराला टांगलेला ट्रक खालच्या नौकेत नेमका ठेवणे धोक्याचे असते. दोर झोके घेतो, जहाज हलते आणि नौका वरखाली होत राहते. यावर युक्ती अशी, की नौका जहाजाच्या पोटातच ठेवायच्या, ट्रक त्यांच्यावर तेथेच चढवायचे आणि मग समुद्रालाच आत बोलवायचे!

मुद्दाम मागून बुडणारे जहाज

जलाश्वच्या मागच्या भागात सुमारे ५१ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद अशी गोदी आहे. तिच्यात चार मोठ्या उतरण-नौका मावतात. अशी एक नौका सुमारे ६० टन भार वाहू शकते. गोदीच्या मागच्या टोकाला भलामोठा दरवाजा आहे.

एरवी गोदीचा तळ समुद्राच्या पातळीच्या वर, म्हणून कोरडा असतो. नौका बाहेर सोडायच्या वेळी जहाजाच्या बॅलास्ट टाक्यांत समुद्राचे पाणी घेतात. जहाजाचे वजन वाढते. वाढलेले वजन तोलायचे तर तेवढ्याच वजनाचे जास्त पाणी बाजूला सारले गेले पाहिजे, म्हणून जहाज खाली जाते. टाक्या मुख्यतः मागच्या बाजूच्या भरल्यामुळे मागचा भाग अधिक खाली जातो. दरवाजा उघडला की गोदीत समुद्र शिरतो आणि नौका तरंगू लागतात. गोदीत सरासरी अडीच मीटर पाणी आले असे धरले, तर ५१ × १५ × २.५ म्हणजे सुमारे १,९०० घनमीटर पाणी झाले. त्याचे वजन जवळजवळ दोन हजार टन भरते.

काम संपल्यावर टाक्यांतील पाणी बाहेर काढतात. जहाज वर येते, गोदीतील पाणी दरवाजातून निघून जाते आणि परतलेल्या नौका तळावर टेकतात.

येथे विद्यार्थ्यांना एक कोडे घालता येईल. दरवाजा उघडा आहे आणि १०० टनांची नौका तरंगत गोदीत आली. जहाज आणखी किती खाली जाईल? बहुतेक मुले 'थोडेसे' म्हणतील. खरे उत्तर, 'मुळीच नाही'. नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि ते उघड्या दरवाजातून समुद्रात जाते. गोदीच्या तळावरचा भार होता तेवढाच राहतो. जहाज वर येऊन नौका तळावर टेकू लागते, तेव्हाच तिचा भार जहाजावर येतो.

करून पाहा

प्लास्टिकच्या बाटलीला एका अंगाने ओळीत चार-पाच भोके पाडा. त्याच अंगाला काही खडे बांधा, म्हणजे भोके खालच्या बाजूला राहतील. झाकणातून रबरी नळी घालून तिचे आतले टोक बाटलीच्या वरच्या बाजूला ठेवा आणि फट मेणाने बंद करा. बाहेरचे टोक बोटाने दाबून बाटली बादलीत आडवी सोडा; ती तरंगेल. (खडे फार जड नकोत.) बोट काढताच हवा निसटते, पाणी शिरते आणि बाटली बुडू लागते. नळीतून फुंकले की ती पुन्हा वर येते. बॅलास्ट टाकीचे तत्त्व हेच.

दुसरा प्रयोग याहून सोपा. पसरट ताटात थोडे पाणी घेऊन चालून पाहा. ताट जरा कलले की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते. गोदीत पाणी असताना जहाजाच्या स्थैर्याची काळजी का घ्यावी लागते, ते यावरून कळेल.

चालता चालता तेल

मदतीचे दुसरे अंग म्हणजे पुरवठा. बंदरापासून दूर असलेल्या जहाजांना तेलवाहू जहाज भर समुद्रात तेल देते. दोन्ही जहाजे ताशी २२ ते २८ किलोमीटर वेगाने समांतर चालतात. मधले अंतर साधारण ३० ते ६० मीटर असते. ताणलेल्या तारेवरून नळी पलीकडे जाते. दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या जागेत पाण्याचा वेग वाढतो, तेथला दाब कमी होतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. नाळेपाशी मात्र दाब जास्त असल्याने तेथे ती परस्परांना दूर ढकलतात. सुकाणू धरणाऱ्याला क्षणभरही उसंत नसते.

सगळी कामे एकाच जहाजाला?

तेल पुरवणे, वाहने नेणे, हेलिकॉप्टर उतरवणे आणि रुग्णालय चालवणे, ही सारी कामे एकाच जहाजाने केली तर? नेदरलँड्सने असे 'कारेल डोरमान' हे जहाज बांधले. ते सुमारे २०५ मीटर लांब आहे. पाण्याने भरणारी गोदी पुष्कळ जागा खाते. या जहाजात ती नाही. नौका मागच्या बाजूला असलेल्या पोलादी उतारापाशी येऊन लागतात. नौदलात रीतसर दाखल होण्याआधीच, २०१४ च्या अखेरीस, इबोलाची साथ आलेल्या पश्चिम आफ्रिकेला रुग्णवाहिका आणि मदतसामग्री घेऊन ते गेले होते.

पण गणित येथेच संपत नाही. त्याच वर्षी नेदरलँड्सने 'ॲमस्टरडॅम' हे आपले तेलवाहू जहाज पेरू देशाला विकले. आता कारेल डोरमान मदतकार्यावर असेल, तर आरमाराला तेल कोण देणार? शेवटी २०२० साली त्या देशाने 'डेन हेल्डर' हे पुरवठ्याचे नवे जहाज बांधण्याचा करार केला. एक जहाज अनेक कामे करू शकते, पण एका वेळी अनेक ठिकाणी असू शकत नाही.

जलाश्वने मे २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मालदीवमधील मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ते ब्रुनेईहून प्राणवायूच्या टाक्या घेऊन विशाखापट्टणमला आले. या दोन्ही खेपांना बंदरे शाबूत होती. सैनिकांसाठी राखलेली राहण्याची जागा आणि वाहनांसाठीचे प्रशस्त मजले कामी आले. जेथे बंदरच उरत नाही, तेथे मात्र पोटातली ती गोदी उघडावी लागते. म्हणून अशा जहाजांची संख्या ठरवताना रोजची गरज पाहून भागत नाही. २००४ च्या डिसेंबरसारखा दिवसही हिशेबात धरावा लागतो.