लाडूचे मागचे पाय

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. इंदूरच्या आमच्या घरी सहा वर्षांचा डॅशहाउंड आहे, लाडू. अंग लांबलचक, पाय वीतभरही नाहीत. आई त्याला ‘आमची मालगाडी’ म्हणते. एका रात्री सोफ्यावरून उडी मारताना तो केकाटला आणि पाठीची कमान करून कोपऱ्यात बसून राहिला. तूप-पोळीकडेही पाहीना.

माझे ऑफिसचे रिलीज होते. “मुरगळलं असेल, सकाळी बघू,” म्हणून मी लॅपटॉपसमोर बसलो. आजीने मायेने पाठीला तेल चोळले. पहाटे लाडू पुढच्या पायांवर अंग ओढत माझ्याकडे आला. मागचे पाय फरफटत होते.

डॉक्टरांनी मागच्या पायाचे बोट चिमट्याने दाबले. लाडू कण्हला, मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. “दुखतंय, ही चांगली खूण आहे,” ते म्हणाले. नुसता पाय आखडून घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते; कुत्रा वळून पाहतो तेव्हा वेदना मेंदूपर्यंत पोचलेली असते. ही जाणीव शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल तर आशा सुमारे निम्मीच उरते.

मणक्यांच्या मधल्या गादीत मऊ गर असतो. डॅशहाउंडसारख्या आखूड पायांच्या जातींत तो अगदी लहान वयातच सुकून कडक होऊ लागतो. गादी फाटली की तो मज्जारज्जूवर दाबतो. २०१७ मध्ये संशोधकांना यामागे एफजीएफ-४ या जनुकाची जादा प्रत सापडली. तीच पायही आखूड करते. म्हणजे ज्या रूपावर आपण भाळतो, त्यातच हे दुखणे दडलेले.

साध्या एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही, म्हणून एमआरआय केला. दुसऱ्या दिवशी मुंबईत शस्त्रक्रिया झाली. नंतर सहा आठवडे लाडू पिंजऱ्यात. त्याला लघवी होईना, तेव्हा पोट हलकेच दाबून मूत्राशय रिकामे करायला आई शिकली. पाचव्या आठवड्यात तो उभा राहिला, डगमगला, पुन्हा उभा राहिला. आजीने देवापुढे साखर ठेवली.

आज तो थोडा झोकांड्या खात चालतो. सोफ्याला उतरण लावली आहे, गळ्यातला पट्टा जाऊन छातीचा आला आहे, आणि वजन वाढू देत नाही.

तुमच्या घरी असा कुत्रा असेल तर एवढे लक्षात ठेवा. अचानक केकाटणे, पाठीची कमान, डळमळती चाल दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चोळू नका. उचलताना छाती आणि कंबर दोन्हींखाली हात द्या. आपल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याला पोटात व्रण होतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

ते रिलीज पुढे दोन दिवस लांबलेच. लाडूची ती एक रात्र मात्र मला परत मिळणार नाही.