केळवली आधी की डोलवली?

कर्जतहून निघालेली गाडी पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानके घेत खोपोलीस पोहोचते. कुंभिवलीच्या परिसरात राहणाऱ्याला ही नावे तोंडपाठ असतात. परगावच्या पाहुण्याला मात्र ती एकदाच ऐकवा आणि लगेच विचारा. पळसदरी आणि खोपोली तो बहुधा बरोबर सांगेल. घोटाळा होईल तो मधल्या नावांत. कदाचित तुमची कुंभिवलीही तो स्थानकांत घुसडील!

पाहुण्याचा मेंदू कच्चा आहे असे समजू नका. पहिले नाव मनात घोळवायला त्याला सवड मिळाली, शेवटचे अजून ताजे होते. मधली नावे एकमेकांसारखी असल्याने परस्परांच्या वाटेत आली. आठवण ही फडताळात ठेवलेली वही नव्हे. काही शिकताना मेंदूतील चेतापेशींमधील जोडण्या बदलतात, आणि एकाच पेशीसमूहाचा अनेक आठवणींत वाटा असतो. म्हणून सारख्या गोष्टींची गल्लत होते. आज सायकल कोठे लावली हे आठवताना कालची नि परवाची जागा पुसट झालेली बरी, नाही का?

विस्मरण मोजण्याचा पहिला चिकाटीचा प्रयत्न जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी केला. त्यांनी प्रयोग केले ते स्वतःवरच! अर्थहीन अक्षरगट पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा आणि तेच पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते पाहायचे. १८८५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. तासाभरातच निम्म्याहून अधिक फायदा नाहीसा झाला होता. एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश उरला, आणि महिन्यानंतरही सुमारे एक पंचमांश शिल्लक होता. म्हणजे घसरण सुरुवातीला वेगाने होते, मग मंदावते. ‘काल वाचले ते आज आठवत नाही, माझे डोकेच कच्चे’ असे म्हणणाऱ्याने हे आकडे जरूर पाहावेत.

त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी जे साधले, त्यासाठी एकाच दिवशी ६८ आवृत्त्या लागल्या.

आपल्याकडे पूर्वी दिवेलागणीला मुले परवचा म्हणत. पावकी, निमकी, औटकी रोज थोडी थोडी, वर्षानुवर्षे. १९५७ साली दशमान नाणी आली आणि या पाढ्यांची गरज ओसरली. तरी तो परवचा म्हटलेल्या एखाद्या आजोबांना सातची साडेतीनपट विचारून पाहा. चष्मा कोठे ठेवला हे त्यांना सांगता येणार नाही, पण साडेचोवीस हे उत्तर क्षणात येईल. चष्मा ठेवताना त्यांचे लक्षच नव्हते. जे मनात नीट शिरलेच नाही, ते विसरले तरी कसे म्हणावे?

वर्गात हा प्रयोग करून पाहा. परक्या लोहमार्गावरील दहा स्थानके एकदा वाचून दाखवा, लगेच लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा लिहायला लावा. कोणती नावे गळली आणि कोणती आपापसांत बदलली, ते फळ्यावर मांडा.