दहा भागीदारांची एक भयाण रात्र

भयपट म्हटला कीं सुशिक्षित गृहस्थ नाक मुरडतो. आणि त्यांतहि तो तुटपुंज्या भांडवलावर, अपरिचित नटांना घेऊन काढलेला असला, तर त्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. असें असतां, ज्यांनीं तत्पूर्वीं एकहि पूर्ण लांबीचा चित्रपट काढलेला नव्हता अशा कांहीं तरुणांनीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं निर्माण केलेला एक कृष्णधवल भयपट १९९९ सालीं तेथील राष्ट्रीय चित्रपटसूचींत, म्हणजे राष्ट्रानें कायमचे जतन करावे अशा चित्रपटांच्या यादींत, दाखल झाला. त्याचें नांव ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. मराठींत ‘जिवंत मृतांची रात्र’ असें म्हणतां येईल. त्याचा पहिला खेळ १ ऑक्टोबर १९६८ रोजीं पिट्सबर्गच्या फुल्टन चित्रगृहांत झाला. हा चित्रपट पुढें विद्यापीठांतून अभ्यासला जाईल असें भाकीत त्या रात्रीं कोणी केलें असतें, तर लोकांनीं तें हंसण्यावारी नेलें असतें.

अशा चित्रपटांना ‘कल्ट’ चित्रपट म्हणण्याची रूढि आहे. कल्ट म्हणजे पंथ किंवा संप्रदाय. सामान्य चित्रपटाला प्रेक्षक असतात. कल्ट चित्रपटाला वारकरी असतात. ते एकदां येऊन थांबत नाहींत, पुनःपुन्हां येतात व येतांना सोबत दुसऱ्यास घेऊन येतात. १९७० च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या एल्गिन चित्रगृहानें ‘एल टोपो’ नांवाचा एक विलक्षण चित्रपट मध्यरात्रीं दाखविण्यास आरंभ केला व तो महिनेच्या महिने चालला. तेव्हांपासून मध्यरात्रीच्या खेळांचा प्रघात पडला आणि या पंथांना जणूं मठ मिळाले. ओळखीचें उदाहरण हवें असल्यास ‘तुंबाड’चें घ्यावें. हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं लागला तेव्हां त्याची मिळकत बेताचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्यें तो पुन्हां लागला तेव्हां त्यानें पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमविला. मधल्या सहा वर्षांत ज्यांनीं तो पाहिला त्यांनीं दुसऱ्यांस सांगितलें, एवढेंच काय तें घडलें होतें.

आतां मूळ चित्रपटाकडे वळूं. जॉर्ज रोमेरो हा १९४० सालीं न्यूयॉर्क येथें जन्मलेला तरुण शिक्षणासाठीं पिट्सबर्गला आला आणि तेथेंच रमला. मित्रांच्या साह्यानें त्यानें ‘लेटंट इमेज’ नांवाची एक छोटी संस्था काढली. तिचें काम म्हणजे दूरचित्रवाणीसाठीं जाहिराती करणें, कारखान्यांसाठीं माहितीपट करणें. लहान मुलांच्या आवडत्या फ्रेड रॉजर्स यांच्या कार्यक्रमासाठींहि रोमेरोनें कांहीं चित्रण केलें होतें. साबणाच्या वडीवर प्रकाश कसा पाडावा हें ज्यांना नित्य करावें लागतें, त्यांचा हात बसलेला असतो. उणीव होती ती पैशाची. तेव्हां दहा जणांनीं प्रत्येकीं ६०० डॉलर काढले. झाले ६,०००. संस्थेचें नांवहि त्यावरूनच ‘इमेज टेन’ असें पडलें. एवढ्या रकमेंत चित्रपट पुरा होणें अशक्य होतें. पण कांहीं भाग तयार झालेला दाखवून पुढील भागीदार मिळवितां आले. अखेर एकंदर खर्च सुमारें १ लाख १४ हजार डॉलर झाला. हॉलीवुडच्या मानानें ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च.

चित्रण १९६७ सालीं पिट्सबर्गच्या उत्तरेस असलेल्या इव्हान्स सिटी या गांवाच्या आसपास झालें. लवकरच पाडावयाचें ठरलेलें एक शेतघर त्यांना मिळालें. त्यामुळें भिंतींना खिळे ठोकले काय किंवा खिडक्या फोडल्या काय, तक्रार करणारें कोणी नव्हतें. कृष्णधवल चित्रांत रक्त काळेंच दिसतें, म्हणून रक्ताच्या ठिकाणीं चॉकलेटचा पाक वापरला. भागीदारांपैकीं एकाचा मांसविक्रीचा धंदा होता. त्यानें आंतडीं व मांस पुरविलें. पार्श्वसंगीत नवीन रचण्यास पैसा नव्हता, म्हणून तयार संगीताच्या संग्रहांतून तुकडे निवडले. चित्रपटांत कूपर नांवाचें एक तापट पात्र आहे; तें काम करणारे कार्ल हार्डमन हे वस्तुतः एका ध्वनिमुद्रणशाळेचे चालक व या चित्रपटाचे एक निर्माते होते, आणि त्यांचीच मुलगी पडद्यावरहि त्यांची मुलगी झाली. घरचें कार्य असलें म्हणजे ज्याप्रमाणें वाढपी, आचारी आणि यजमान हीं एकाच माणसाचीं रूपें होतात, तसाच हा प्रकार.

कथानक चार ओळींत सांगण्यासारखें आहे. अलीकडे मेलेलीं माणसें उठून जिवंत माणसांना खाऊं लागतात. कांहीं परस्पर अपरिचित स्त्रीपुरुष एका शेतघरांत आश्रय घेतात व रात्र काढूं पाहतात. मेलेलीं माणसें कां उठतात? शुक्राकडून परतलेल्या एका यानाच्या किरणोत्साराकडे बोट दाखविलें जातें, पण निश्चित उत्तर शेवटपर्यंत मिळत नाहीं. हें उत्तर न देणें फार शहाणपणाचें झालें आहे. जें समजलें त्याचें भय ओसरतें.

यापूर्वीं पडद्यावर असे ‘झाँबी’ नव्हते असें नाहीं. १९३२ सालचा ‘व्हाइट झाँबी’ प्रसिद्धच आहे. परंतु ते हैती बेटांतील लोकसमजुतींतून आलेले, कोणा मांत्रिकाच्या ताब्यांतले गुलाम होते. मांत्रिक मेला कीं संकट टळलें. रोमेरोच्या मृतांना धनी नाहीं, हेतु नाहीं, द्वेषहि नाहीं. ते हळू चालतात, आगीला भितात, डोक्यावर घाव बसला तरच पडतात. एकटा असला तर त्याला एखादें धीट मूलहि चुकवील. पण त्यांची संख्या वाढतच जाते, आणि आज मेलेला शेजारी उद्यां त्यांत सामील होतो. या चित्रपटांत झाँबी हा शब्द एकदांहि उच्चारलेला नाहीं, तरी पुढें जगभर झाँबींची जी फौज पडद्यावर आली तिचें कूळ याच शेतघराशीं पोंचतें. मूळ कल्पना रिचर्ड मॅथेसन यांच्या १९५४ सालच्या ‘आय ॲम लेजंड’ या कादंबरीवरून सुचल्याचें रोमेरोनें मोकळेपणानें मान्य केलें होतें.

भरतमुनींनीं भयानक व बीभत्स हे दोन रस निरनिराळे सांगितले आहेत. एकाचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. हलक्या प्रतीच्या भयपटांत या दोहोंची गल्लत होते आणि किळस आली कीं भीति वाटली असें धरून चालतात. येथें बीभत्स आहेच, कांहीं ठिकाणीं तो जरुरीपेक्षां अधिक आहे. बार्बरा या नायिकेला बराच वेळ दिङ्मूढ होऊन बसण्यावांचून काम नाहीं, हाहि दोषच. पण खरें भय दारांबाहेर नाहीं, घरांत आहे. तळघरांत दडून बसावें असें कूपरचें म्हणणें. वरच राहून खिडक्या-दारें फळ्यांनीं बंद करावीं असें बेन या नायकाचें म्हणणें. दोघेहि हट्टी. नभोवाणी सांगते घरांतच राहा. थोड्या वेळानें दूरचित्रवाणी सांगते आश्रयकेंद्र गांठा. बाहेर शेंकडों मृत एकदिलानें चालून येत असतां आंत सात जिवंत माणसांचें एकमत होत नाहीं. प्रेक्षकाची सहानुभूति अर्थातच बेनकडे. आणि मौज अशी कीं शेवटीं सगळे मेल्यावर बेनचा जीव वांचतो तो त्याच तळघरांत शिरल्यामुळें! कूपर दुष्ट होता, पण त्याचें म्हणणें बरोबर होतें. एवढी निष्ठुर प्रामाणिकता मोठ्या भांडवलाच्या चित्रपटाला परवडत नाहीं.

बेनचें काम डुएन जोन्स या कृष्णवर्णीय नटानें केलें. हे गृहस्थ पेशानें अध्यापक होते, आणि त्यांचें काम चांचणींत सर्वांत सरस ठरलें म्हणून त्यांना घेतलें. लेखांत बेन हा एक रांगडा मोटारवाहक होता. जोन्स यांनीं त्याची भाषा स्वतः सुधारून त्याला विचारी, संयमी माणूस बनविलें. त्याच्या वर्णाचा उल्लेख चित्रपटांत कोठेंहि नाहीं. १९६८ सालीं अमेरिकेंत कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या माणसांना आज्ञा करतो, प्रसंगीं थोबाडींत मारतो, आणि त्यावर कोणी अवाक्षर काढीत नाहीं, हें मौनच बोलकें होतें. सकाळीं बंदूकधारी गांवकऱ्यांची टोळी येते. बेन तळघरांतून वर येऊन खिडकीशीं उभा राहतो. त्याला मृत समजून ते दुरूनच कपाळांत गोळी घालतात. मग वर्तमानपत्रांतल्यासारखीं ठिपकेदार स्थिर चित्रें येतात, आंकड्यांनीं ओढलेलें त्याचें प्रेत सरणावर पडतें, आणि चित्रपट संपतो. ४ एप्रिल १९६८ रोजीं तयार प्रत मोटारींत घालून वितरक शोधण्यास न्यूयॉर्ककडे जात असतां डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाची वार्ता नभोवाणीवर ऐकली, असें रोमेरो सांगत असे. शेवट गोड करा म्हणजे घेतों, असें म्हणणारा वितरक भेटला होता. त्यांनीं शेवट बदलला नाहीं. दहा भागीदार होते, पण वरून हुकूम करणारा मालक नव्हता. स्वतंत्र चित्रपट म्हणतात तो हा.

वयानुसार प्रतवारी करण्याची पद्धत अमेरिकेंत १ नोव्हेंबर १९६८ पासून सुरू झाली. हा चित्रपट एकच महिना आधीं लागलेला. त्यामुळें दुपारच्या खेळांना लहान मुलें सर्रास जाऊन बसत. टीकाकार रॉजर एबर्ट यांनीं त्या मुलांची रडकुंडीस आलेली अवस्था पाहून कळवळून लिहिलें होतें, आणि तो राग अगदीं योग्य होता.

आतां हक्कांची गोष्ट. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणें प्रकाशित कृतीवर स्वामित्वाची सूचना छापलेली नसली तर तिच्यावरील हक्क नष्ट होत असे. चित्रपटाचें आधींचें नांव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ असें होतें, आणि सूचना त्या नांवाच्याच पाटीवर होती. वितरकानें नांव बदललें, जुनी पाटी काढून नवी जोडली. तिच्यावर सूचना घालण्याचें राहून गेलें. एका ओळीची चूक! ज्याला वाटेल त्यानें प्रती काढाव्या, दाखवाव्या, विकाव्या. निर्मात्यांना द्यावयास नको. आपल्याच चित्रपटाच्या अगणित प्रती परक्यांनीं विकलेल्या त्यांना उघड्या डोळ्यांनीं पाहाव्या लागल्या. पण याच चुकीमुळें फुकट मिळणारा हा चित्रपट मध्यरात्रीच्या खेळांत, दूरचित्रवाणीवर, पुढें ध्वनिचित्रफितींच्या दुकानांत सर्वत्र पोंचला. पंथ वाढला तो असा. धन्याचें नुकसान आणि कृतीचा लाभ एकाच कारणानें झाला.

प्रतीवरून प्रत काढल्यामुळें चित्र मात्र दिवसेंदिवस काळवंडत गेलें, आणि तो काळपटपणाच कलेचा भाग आहे असें कित्येक समजूं लागले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें मूळ निगेटिव्हवरून तयार केलेली नवी प्रत २०१६ सालीं दाखविली गेली. रोमेरो त्या वेळीं हयात होता, पुढील वर्षाच्या जुलैंत तो वारला. त्या प्रतींत खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्यांचे पदर आणि बेनच्या कपाळावरील घाम स्पष्ट दिसतो. जाहिरातींवर हात बसलेल्या माणसानें प्रत्येक दिवा कोठें ठेवला होता, हें तेव्हां प्रथम लोकांच्या ध्यानांत आलें. जुन्या मळकट प्रती अद्यापि फुकट मिळतात, आणि नवखा प्रेक्षक बहुधा त्यांतूनच या शेतघरांत प्रथम पाऊल टाकतो.