वीज जमिनीत का जात नाही?

बंगळुरूच्या लालबागेत, शहर वसवणाऱ्या केंपेगौडांचा बुरूज ज्या खडकावर उभा आहे, त्याचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं. शहराचा बराचसा भाग अशाच नीस खडकावर वसलाय. वर लाल माती, खाली पहार टणकन उडेल असा कातळ. एखाद्या समारंभाच्या मंडपामागे जनरेटर लावणाऱ्या वायरमनची अर्थिंगची सळई कधी कधी दोन-तीन फुटांतच अडते. मग सुरक्षेचं काय?

आपली समजूत अशी की वीज जमिनीत शिरायला टपलेली असते आणि शिरली की विरून जाते. प्रत्यक्षात तिला जमिनीचं काडीचं आकर्षण नाही. ती जिथून निघाली तिथेच तिला परतायचं असतं. जमीन ही फक्त एक वाट. १८३८ मध्ये कार्ल श्टाइनहाइल हा जर्मन शास्त्रज्ञ तारायंत्रासाठी रेल्वेचे रूळ वापरून पाहत होता. वीज रुळांतून मातीत गळू लागली आणि त्याच्या लक्षात आलं, परतीची तार नसली तरी चालेल! दोन्ही टोकांना पत्रे पुरले की बास.

गंमत म्हणजे या वाटेचा जवळजवळ सगळा अडथळा पुरलेल्या धातूभोवतीच्या काही फुटांतच असतो. पुढे वीज चहूकडे पसरते आणि वाट इतकी रुंद होते की मैलोन्‌मैल मातीही जड जात नाही. म्हणून मीठ-कोळसा अर्थिंगच्या खड्ड्यापुरताच घालतात.

पण कातळात सळईचा अडथळा २० ओहम राहिला तर? न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, जमिनीला जोडलेली असली, तरी फेज, म्हणजे वीज आणणारी तार, उपकरणाच्या धातूच्या बॉडीला टेकल्यावर २३० व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा वीज वाहिली की तोडणारा स्विच) त्याला नेहमीचा लोड समजून गप्प बसेल. माणसाचा जीव मात्र शंभराहून कमी मिलिअँपिअरमध्येही जाऊ शकतो.

छोट्या जनरेटरची तऱ्हा आणखी न्यारी. अनेकांत न्यूट्रल बॉडीला जोडलेलीच नसते. फेज बॉडीला टेकली तरी परतीची वाट नाही, त्यामुळे शॉकही बसत नाही. धोका इथेच आहे. पहिला बिघाड मुका राहतो. मग पावसात दुसरी तार कुठेतरी सोलून ओल्या जमिनीला लागते, वर्तुळ पुरं होतं आणि मध्ये माणूस सापडतो.

म्हणून खरी भिस्त तांब्यावर: प्रत्येक उपकरणापर्यंत धड असलेली तिसरी, अर्थिंगची तार, एकाच ठिकाणी बॉडीला जोडलेली न्यूट्रल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून ओवून गेलेली वीज आणि आलेली वीज ताडून पाहतो. फरक दिसताच डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडतो. न्यूट्रल मोकळी असेल तर तो आंधळाच. ही जोडणी कंपनीचं माहितीपुस्तक बघून परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावी.

घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा तर इमारतीचं अर्थिंग आणि एका वेळी एकच वीज घरात येऊ देणारा चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर तुमची वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते, आणि तो इमानेइतबारे २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट करून बंद समजलेल्या लाइनवर चढवतो. तिथे लाइनमन काम करत असू शकतो. तेव्हा जनरेटर आला की सळई किती खोल गेली हे नंतर विचारा. न्यूट्रल कुठे जोडली आहे हे आधी विचारा.