टँकर आला!

आमच्या उलव्यात ‘टँकर’ हा शब्द जरा जपूनच उच्चारावा लागतो. मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, साडेसहा वाजलेले. मी बाहेरच्या खोलीत संगणकासमोर, लेक आतल्या खोलीत तिच्या संगणकासमोर. उकाड्यामुळे दारं-खिडक्या सताड उघड्या. मी तिला ओरडून सांगितलं, ‘‘अगं थांब, घाई करू नकोस! आधी टँकर आत जाऊ दे, मग तुम्ही या!’’

दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका, बनियनवरच, हातात बादली घेऊन उभे. ‘‘सेक्रेटरी, टँकर आला म्हणता, मग दिसत कसा नाही?’’

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पेणच्या बाजूच्या हेटवणे धरणाचं पाणी येतं. उन्हाळ्यात ते कमी पडलं की टँकर मागवायचा, आणि सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने तो मीच मागवायचा. त्यांना आत बोलावून, चहा देऊन सांगावं लागलं, ‘‘काका, तो टँकर म्हणजे मीच.’’ काकांनी माझ्या सुटलेल्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता चहा संपवला.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण गेली काही वर्षं या एका शब्दाने मला बरंच काही शिकवलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

‘सिटी ऑफ हीरोज’ नावाचा एक खेळ आहे. २८ एप्रिल २००४ रोजी तो अमेरिकेत सुरू झाला. इंटरनेटवर हजारो लोक एकाच वेळी एका काल्पनिक शहरात शिरतात, प्रत्येकजण आपला अतिमानव स्वतः घडवतो, आणि जास्तीत जास्त आठ जणांच्या टोळ्या करून खलनायकांशी लढतात. मी तेव्हा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होतो. हिवाळ्यात बाहेर बर्फ, घरात एकटा जीव. दुकानातून खोकं आणलं, महिन्याला पंधरा डॉलर भरू लागलो आणि त्या शहराचा नागरिक झालो.

नायकांचे तिथे मूळ पाच प्रकार होते. लांबून आग ओकणारा ‘ब्लास्टर’, जवळ जाऊन वार करणारा ‘स्क्रॅपर’, शत्रूला जखडून ठेवणारा ‘कंट्रोलर’, सोबत्यांना बळ देणारा आणि बरं करणारा ‘डिफेंडर’ आणि पाचवा ‘टँकर’. टँकरचं काम एकच. सगळ्यांच्या आधी पुढे व्हायचं, शत्रूला डिवचायचं आणि त्यांचे वार स्वतःच्या अंगावर घ्यायचे. बाकीचे लढतात, हा थोपवतो. अशा खेळांत या भूमिकेला सर्रास ‘टँक’ म्हणतात. लढाऊ रणगाड्यावरून आलेला हा शब्द. पण रणगाड्याला तरी ‘टँक’ हे नाव कुठून मिळालं? पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी ही नवी यंत्रं गुप्तपणे बनवायला घेतली तेव्हा कोणाला संशय येऊ नये म्हणून ‘पाण्याच्या टाक्या बनवतोय’ अशी आवई उठवली. तेच नाव चिकटलं, आणि सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्या ‘टाक्या’ पहिल्यांदा रणांगणात उतरल्या. म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका बादली घेऊन आले, ते इतिहासाला धरूनच होतं!

मराठी माणसाला ही भूमिका समजावून सांगावी लागत नाही. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभूंनी खिंड अडवली, तेव्हापासून ‘खिंड लढवणं’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे. टँकरही खिंडच शोधतो. उघड्या मैदानावर चहूबाजूंनी मार बसतो, म्हणून दार, बोळ, भिंतीचा कोपरा अशी जागा धरायची आणि शत्रू तिथे गोळा करायचे.

आता या कामातली गंमत आणि दुःख दोन्ही सांगतो. शत्रू पडतो तो ब्लास्टरच्या आगीने. जल्लोष त्याचा होतो. टँकरचं काम चोख झालं याची खूण एकच, की बाकीच्यांना काहीच झालं नाही. आणि ‘काहीच झालं नाही’ याबद्दल कोणी कोणाची पाठ थोपटत नाही. सोसायटीचा पंपवाला जसा. पाणी आलं तर त्याची आठवण कोणालाही नाही. एक दिवस आलं नाही की सगळे त्याच्या नावाने शंख करतात. घरातल्या बायकांबद्दल तर बोलायलाच नको.

मी टँकर झालो तो दगडाचा. अंगावर दगडी चिलखत चढवायचं, आणि फारच कठीण प्रसंग आला तर अख्खा ग्रॅनाइटचा पुतळा व्हायचं. मग जवळजवळ काहीच टोचत नाही. पण त्याची किंमत होती. मूळ खेळात त्या रूपात माणूस जेमतेम सरपटत चालायचा, उडी मारता येत नसे, हातातला जोरही कमी व्हायचा. सोबत्यांना थांबावं लागे, नाहीतर जादूने उचलून पुढे न्यावं लागे. जितकं कठीण व्हाल तितके जागेवर खिळाल, असा तो सौदा.

आणखी एक नियम मला फार शहाणा वाटतो. सुरुवातीच्या काळात काही बहाद्दर टँकर अख्ख्या वस्तीतले शत्रू आपल्यामागे लावून एका कोपऱ्यात आणत. खेळ करणाऱ्यांनी पुढे मर्यादा घातली. एका वेळी सतराच. अठरावा शत्रू तुम्हाला कितीही डिवचू द्या, तुमच्याकडे बघणार नाही; तो सरळ तुमच्या सोबत्यांवर जाणार. दगडाच्या माणसालाही आकडा असतो, हे मला तेव्हा नियम म्हणून कळलं. अर्थ म्हणून कळायला पुष्कळ वर्षं जायची होती.

२००९ मध्ये मी परत आलो. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी कंपनीने खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरला शहराचे दिवे विझले. शहरातल्या मुख्य चौकात पृथ्वीचा गोल पेलणारा ॲटलासचा भव्य पुतळा होता. आपल्या शेषनागाचाच भाऊबंद म्हणा. खेळ वाचावा म्हणून त्या पुतळ्याखाली माणसं मशाली धरून उभी राहिली, शेवटच्या रात्रीही जमली. संगणकावरचं एक चित्र पुसलं जाणार होतं, दुसरं काही नाही. तरी माझा घसा दाटून आला होता, हे कबूल करायला आज लाज वाटत नाही.

२०१६ साली आम्ही उलव्यात घर घेतलं. तेव्हा इथे इमारती कमी आणि धूळ जास्त. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापायला घेतली. सुमारे नव्वद मीटर उंचीचा तो काळा कातळ. सुरुंगाचा बार झाला की आमच्या कपाटातली भांडी किणकिणायची आणि आई ‘राम राम’ म्हणायची. दगडसुद्धा किती सोसेल, असं तेव्हा मनात यायचं. बघता बघता टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे, दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले. २०२५ च्या नाताळात विमानं उडू लागली.

मधल्या काळात तो खेळही परत आला होता. काही निवडक लोकांनी त्याची एक प्रत गुपचूप चालू ठेवली होती, हे २०१९ मध्ये उघड झालं. मग चाहत्यांनी ‘होमकमिंग’ नावाने तो सगळ्यांसाठी खुला केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ मालकांनी त्याला रीतसर परवानाही दिला. आज तो फुकट आहे, देणग्यांवर चालतो. टाळेबंदीच्या दिवसांत मी लेकीला शिकवला. ती झाली डिफेंडर, सोबत्यांना बरं करणारी. अमेरिकेतल्या शनिवारच्या रात्री शहर गजबजतं तेव्हा इथे रविवारची सकाळ असते. आमचा वार ठरला.

आता मुद्द्याचं. २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. एका शुक्रवारी दुपारी बोलावलं, चांगल्या शब्दांत सांगितलं, कागद हातात दिला. मी घरी काही बोललो नाही. घराचा हप्ता, लेकीची नववी, आईची औषधं. म्हटलं, आपण टँकर. घ्यावं अंगावर, दुसरं मिळालं की सांगू. सोमवारी नेहमीप्रमाणे डबा घेऊन निघालो. खारकोपरहून लोकल, बेलापूरला उतरायचं, बागेत बसायचं, फोनवरून अर्ज पाठवायचे, संध्याकाळी दमल्यासारखा चेहरा करून परत यायचं. खरं तर चेहरा करावा लागत नव्हता. असे सहा आठवडे गेले.

एका रविवारी आम्ही एका भुयारात लढत होतो. मी नेहमीपेक्षा पुढे गेलो, वळण ओलांडून पलीकडच्या दालनात घुसलो आणि पडलो. त्या खेळात प्रत्येकाच्या नावाखाली हिरवी पट्टी असते. ती संपत आली की डिफेंडर धावून येतो. पण भिंत मध्ये असली की त्याची शक्ती पोहोचत नाही. लेक आतून वैतागून ओरडली, ‘‘बाबा, तू कोपऱ्यामागे का जातोस सारखा? तुझी पट्टी कमी होतेय ते मला दिसतं, पण तू दिसत नाहीस, तर मी काय करू? मला दिसेल असा उभा राहा ना!’’

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती खेळाबद्दलच बोलत होती. पण मला पुढे खेळवेना. संगणक बंद केला, स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं.

ती पोहे परतत होती. गॅस बारीक करून म्हणाली, ‘‘मला महिन्याभरापूर्वीच शंका आली होती. डब्यातल्या पोळ्या परत यायला लागल्या होत्या तुमच्या. वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल.’’ मग मात्र तिचा आवाज चढला. ‘‘हप्त्याच्या कागदावर माझीही सही आहे. संकट तुमचं एकट्याचं कसं? मला मूर्ख समजलात का?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्हाला वाचवण्याच्या नादात मी तिला सहा आठवडे एकटं पाडलं होतं. मी बागेत बसून सोसत होतो, ती ओट्यापाशी उभी राहून.

त्या दिवशी आम्ही वही घेऊन बसलो. गाडी विकली. लेकीची एक शिकवणी बंद झाली, तर ती म्हणाली, मला ती आवडतच नव्हती. सगळं ऐकून घेतल्यावर आई म्हणाली, ‘‘आता सगळ्यांचं निघालंच आहे तर माझंही सांगते. दोन वर्षं झाली, गुडघा रात्री झोपू देत नाही.’’ घरात एक नाही, तीन टँकर निघाले! आणि एकाचीही पट्टी कोणाला दिसत नव्हती.

आमच्या आसपासच्या गावांतून मोठ्या हौसेने कबड्डी खेळतात. सामने पाहताना एक लक्षात आलं. कोपऱ्यातला गडी चढाईवाल्याचा घोटा धरतो, पण एकट्याने धरून ठेवायचा आग्रह धरत नाही. त्याच क्षणी बाकीची साखळी येऊन पडते. नाही आली, तर उत्तम पकडही निसटते. आणि पावनखिंडीचं म्हणाल तर तिथेही हद्द ठरलेली होती. विशाळगडावर तोफा होईपर्यंत. खिंड जन्मभर लढवायची नसते.

आपल्याकडे सोसण्याचं कौतुक फार. ‘कधी चकार शब्द काढला नाही हो,’ असं आपण गेलेल्या माणसांबद्दल अभिमानाने सांगतो. मला हल्ली ते ऐकून भीती वाटते. चकार शब्द काढला असता तर कोणीतरी धावून गेलं असतं. पुढे उभं राहायला ताकद लागते, हे खरंच. पण दिसेल असं उभं राहायला जास्त लागते, असा माझा अनुभव आहे.

चार महिन्यांनी नोकरी मिळाली, थोड्या कमी पगाराची. आईच्या गुडघ्यावर उपचार चालू आहेत. लेक आता अकरावीत आहे, तिचे रविवार क्लासला जातात, म्हणून आम्ही महिन्यातून एखाद्या वेळीच शहरात शिरतो. मी अजून तोच, दगडाचा, संथ. फक्त वळण आलं की थांबतो आणि मागे कोण आहे ते बघतो.

खालच्या मजल्यावरचे काकाही आता सरावले आहेत. जिन्यात भेटले की हळूच विचारतात, ‘‘आज कुठला, खेळातला की पाण्याचा?’’ आणि पाण्याचा असला तर हल्ली फोन करायला स्वतः पुढे होतात. म्हणतात, ‘‘सारखं तुम्हीच कशाला?’’