पगारातले दोनशे रुपये

फेब्रुवारीची पगारपत्रिका नीट पाहिली, तर व्यवसाय कराच्या रकान्यात एरवीच्या दोनशेऐवजी तीनशे रुपये कापलेले दिसतात. वर्षाचे अडीच हजार. ठाण्या-पुण्यातल्या नोकरदाराला ही कपात पाठ असते. ती मुळात कशासाठी सुरू झाली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. महाराष्ट्राने 1975 साली हा कर लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या कमाईतून पैसा उभा करायचा, राज्याने त्यात तितकीच भर घालायची आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं. शहर आणि खेडं यांच्यात याहून सभ्य करार महाराष्ट्रात दुसरा झाला असेल, असं मला वाटत नाही.

कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला. 1972 च्या दुष्काळाच्या काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. कामावर बायका मोठ्या संख्येने आल्या. घराजवळ, रोख मजुरीचं काम त्यांना एरवी मिळतच नव्हतं.

पण दुष्काळात नुसती खडी फोडून घेतली, तर त्या आठवड्याची चूल पेटते आणि पुढच्या उन्हाळ्यात गाव पुन्हा तिथेच उभं असतं. मजुरीचा पैसा मातीत, पाण्यात आणि झाडात मुरला तरच गावाची कमाई वाढते. 1990 मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली, ती याच दृष्टीने. लहान शेतकऱ्याने स्वतःच्याच जमिनीत खड्डे खणायचे, कलमं लावायची आणि त्याचा खर्च योजनेतून मिळायचा. कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा आणि काजू उभे राहिले, सोलापूरकडच्या कोरड्या रानात डाळिंब आणि बोर. मजुरी खर्चून गेली, झाडं उरली.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे याचं सर्वांत बोलकं उदाहरण. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, तरणी माणसं कामासाठी गाव सोडून गेलेली. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर 1990 च्या दशकात गावाने राज्याच्या आदर्श गाव योजनेत भाग घेतला आणि रोजगार हमीच्या पैशातून डोंगरावर सलग समतल चर खणले. पैसा सरकारचा होता. पण शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही, कुऱ्हाड चालवायची नाही, हे ग्रामसभेने ठरवलं. मुंबईतून असा आदेश निघाला असता, तर तो कुणी पाळला असता? विहिरींना पाणी आलं, दूध वाढलं, गेलेली कुटुंबं परतली. पाऊस किती झाला आणि त्यात कोणती पिकं बसतात, याचा ताळेबंद तिथे दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो.

2005 मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव त्याच्या मुळाशी होता. शंभर दिवसांची अकुशल मजुरी केंद्राने द्यायची. त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःवर घेतला. किमान निम्मी कामं ग्रामपंचायतीकडे आली. कागदावर ही रचना सुंदर होती. दिल्लीकडे तिजोरी, राज्याकडे यंत्रणा, गावाकडे निवड.

दुखणं होतं ते साखळीच्या लांबीत. मस्टर गावात भरायचं, तालुक्याला तपासायचं, मजुरी मात्र थेट दिल्लीतून बँकेच्या खात्यात. पंधरा दिवसांत मिळायची ती कित्येकदा महिना-महिना रखडली. खात्यातल्या नावात एक अक्षर चुकलं, तरी पैसे अडकायचे, आणि त्यावर ग्रामसेवकालाही काही करता येत नसे. शनिवारी बाजाराला जाणाऱ्या माणसाला उधारीवर जगायला लावलं, की तो मुकादमामागे ऊसतोडीला जातो. मग चर खणायला गावात उरतं कोण?

म्हणून मला या सगळ्यात एक छोटा कागद फार मोलाचा वाटतो. काम मागण्याचा अर्ज दिला, की ग्रामपंचायतीने तारीख घातलेली पोचपावती द्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही, तर बेकारी भत्ता देणं सरकारला बंधनकारक. अर्ज घेऊन पावती न देणं ही हमी बुडवण्याची सर्वांत सोपी रीत होती. आणि ती पावती हट्टाने मागून घेणारी बाई जिथे होती, तिथे तहसील कार्यालयालाही काम काढावं लागलं.