जन्मवर्षाचं घड्याळ

आपल्या जन्मवर्षी बनलेलं मनगटी घड्याळ हवं असेल, तर जपानी सेइकोपासून सुरुवात करावी. साठच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या बहुतेक सेइको घड्याळांच्या मागच्या झाकणावर सहा जागांचा अनुक्रमांक असतो. त्यातला पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना; ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबर-डिसेंबरला एन आणि डी ही अक्षरं. सुरुवातीला ५३ असेल तर मार्च महिना नक्की, पण १९७५ चा की १९८५ चा? ते त्याच झाकणावरच्या मॉडेल क्रमांकावरून ठरतं. ६१३९ हे स्वयंचलित क्रोनोग्राफ यंत्र १९६९ मध्ये आलं आणि सत्तरच्या दशकात बनत राहिलं, म्हणून त्यावरचा ५ हा १९७५ चाच. जुन्या स्विस घड्याळांच्या क्रमांकांवरून बहुधा अंदाजे वर्षच मिळतं.

मात्र झाकण बदललेलंही असू शकतं. शिवाय मुंबईत जुन्या सेइको आणि एचएमटीच्या तबकड्या पुन्हा रंगवून घड्याळं विकली जातात. पन्नास वर्षांची तबकडी भडक, कोरी आणि अक्षरं जाडजूड दिसली, की थांबावं. थोडी पिवळलेली पण मूळ तबकडी मला केव्हाही अधिक मोलाची वाटते. विक्रेत्याकडे आतल्या यंत्राचा फोटो मागा, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा आणि घेतल्यावर घड्याळ पाण्यापासून दूर ठेवा.